हाइनच्या व्हरांड्यात कोण होतं

१

यारंबीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता फक्त तर्जनी उचलायची. बास. त्या एका बोटात 'बरं आहे ना', 'पाऊस काही पडत नाही', 'तुझ्या बापाला मी ओळखत होतो' हे सगळं येतं. जो बोट उचलत नाही तो एक तर मेलबर्नहून आलेला असतो किंवा त्याला झटका आलेला असतो.

मार्चमधल्या त्या सोमवारी डल्सी ट्रेंगोव ऑपरेशन झालेला डावा खुबा सांभाळत भावाच्या पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसली होती. तिची स्वतःची गाडी गॅरेजात होती, म्हणून क्लेम तिला पोस्टात सोडायला निघाला होता. नॉस्केंचा ट्रक समोरून आला. क्लेमने बोट उचलले. ट्रकमधले बोट उचलले गेले नाही.

"झोपेत आहे वाटतं," डल्सी म्हणाली.

मग मेंढ्यांचा ट्रेलर गेला, मग दुधाची गाडी. क्लेम प्रत्येक वेळी बोट उचलत होता आणि समोरचे सगळे हात जणू गोंदाने चिकटवलेले होते. शाळेच्या बसचा ड्रायव्हर तर क्लेमकडे नीट पाहून मग मान फिरवून गेला.

क्लेम तसाही कमी बोलणारा. बासष्ट वर्षांचा, अविवाहित, कौन्सिलच्या नोकरीत. शेतांच्या कडेने कोल्ह्यांसाठी विषारी आमिषं पुरायची आणि पाट्या लावायच्या, हे त्याचे तीस वर्षांचे काम. धान्याच्या उंच सायलोंच्या वळणावर त्याने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला आणि एका हाताने गाडी चालवत राहिला.

पोस्टाच्या काउंटरमागे नॅरेल नॉस्के होती. गावाचे इंटरनेटवरचे पेज हीच चालवते. पाच वर्षांपूर्वी गावाचे साप्ताहिक होते आणि ते डल्सी चालवत होती. बातम्या लिहायची, फोटो काढायची, अंक बांधून टपालात टाकायची, एकतीस वर्षं. ते बंद पडले आणि त्याची जागा या पेजने घेतली. तिथे लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला हे कुणी सांगितलं.

"तुम्ही पेज बघितलं नाही अजून?" नॅरेलने आवाज खाली आणून विचारले, म्हणजे रांगेतल्या तिघांना नीट ऐकू जाईल इतका.

"मी बघत नाही. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांभाळायला सांगितलंय."

"मग बसून बघा," म्हणत तिने मोबाइल पुढे सरकवला.

शनिवारी दुपारी सगळे गाव क्रिकेटच्या अंतिम सामन्याला गेले असताना वॉरन हाइनचे तीनही केल्पी कुत्रे विष खाऊन मेले होते. मेंढरांमागे धावणारे, वॉरनने पोटच्या पोरांसारखे वाढवलेले. त्याच्या दारावरच्या कॅमेऱ्याने बारा सेकंद टिपले होते. खाली दोनशे चाळीस प्रतिक्रिया होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीत क्लेमचे नाव.

डल्सीने बारा सेकंद पाहिले. वॉरनचा व्हरांडा. काथ्याचे पायपुसणे. उन्हाची तिरकी पट्टी. पाचव्या सेकंदाला जाळीचे दार वीतभर उघडले, थांबले, मिटले. कुत्रे भुंकले नाहीत. सातव्या सेकंदाला कुणीतरी घसा साफ केल्याचा बारीक आवाज आला.

तिने पुन्हा पाहिले.

"इथे कोणीच नाहीये," ती म्हणाली.

रांगेतले तिघे एकमेकांकडे बघू लागले. नॅरेलने मोबाइल परत ओढून घेतला.

"भाऊ आहे म्हटल्यावर तसंच दिसणार," ती म्हणाली.

२

क्लेमच्या स्वयंपाकघरात टेबलावर टोमॅटोची टोपली होती आणि छतावरचा पत्रा उन्हाने तडकत होता. डल्सी प्रतिक्रिया मोठ्याने वाचत होती. तिचा आवाज हळूहळू चढत गेला.

"'चालण्यावरूनच कळतं.' ऐक, हा म्हणतो चालण्यावरून. अरे, चालतंय कोण तिथे? 'माझा मेहुणा पोलिसात आहे, तो म्हणतो शंभर टक्के तोच.' याचा मेहुणा पर्थला कार धुतो! 'असल्यांना त्यांचंच आमिष चारा.' आणि याला एक्कावन्न जणांनी हसरे चेहरे दिलेत. एक्कावन्न, क्लेम! यातल्या निम्म्यांच्या बारशाच्या बातम्या मी छापल्यात."

"चहा घे," क्लेम म्हणाला.

"तू शनिवारी कुठे होतास?"

"रिकनेर मळ्याच्या बांधावर. एकटा."

"कुणी पाहिलं?"

"कोल्ह्याने."

ती हसली नाही. तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. "मला सांग, तुला यात कोण दिसतं?"

क्लेमने पाहिले. बारा सेकंद संपले तरी तो पडद्याकडेच बघत राहिला. मग त्याने तो पालथा घातला, अगदी हळू, ताटाखाली काही झाकून ठेवावे तसा.

"जाऊ दे ना, डल्स."

"काय जाऊ दे? उद्या कौन्सिल तुला घरी बसवेल. परवा तुझ्या खिडकीतून दगड येईल."

"आला तर काच बदलू."

"मी असताना? मी हे सगळं कागदावर आणून दाखवते त्यांना. एकेकाला."

"नको," तो म्हणाला. त्याने बहिणीला आयुष्यात नको म्हटले असेल ते चार-पाच वेळा. डल्सीला ते ऐकूच आले नाही. ती वही शोधत होती.

३

पद्धत जुनी होती. साक्षीदाराला एकटे गाठायचे, दुसऱ्याशी बोलण्याआधी कागद द्यायचा, आणि त्याच्याच हाताने लिहून घ्यायचे. तीन दिवसांत तिने अकरा जणांकडून घेतले. 'नाव लिहू नका, फक्त काय दिसतं ते लिहा,' एवढेच सांगत होती.

बेकरीवाल्या रॉसने लिहिले, 'जाडजूड माणूस, लाल केस.'

"क्लेमचे केस पांढरे आहेत, रॉस."

"रंगवले असतील."

"आणि पंचवीस किलो वजन? तेही रंगवलं?"

रॉस कागदाकडे बघत राहिला. "पण तोच आहे," तो म्हणाला.

जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात बसणाऱ्या मॉइराने लिहिले, 'डोक्याला रुमाल गुंडाळलेली बाई. कत्तलखान्यात कामाला आलेल्या नव्या कुटुंबातली.' मग स्वतःच म्हणाली, "क्लेमनेच पाठवली असेल तिला. पैसे देऊन."

"अगं, तू त्या बाईशी एकदा तरी बोललीस का?"

"कशाला बोलू? दिसतंय ना समोर."

बँकेतला एक जण म्हणाला, ही माझी पहिली बायको. एका म्हातारीला नदीपलीकडच्या वस्तीतला काळा पोरगा दिसला. तिला नेहमीच तो दिसतो, बाजारात, चर्चच्या मागे, स्वप्नात. अकरा कागदांवर अकरा माणसे होती, आणि अकराही जण शेवटी छातीठोकपणे सांगत होते की तो क्लेम ट्रेंगोवच. डल्सीच्या कपाळाची शीर उडायला लागली. डोळ्यांनी एक बघायचे, तोंडाने दुसरे म्हणायचे, आणि मधल्या फटीत एका माणसाला गाडून टाकायचे!

पण प्रत्येकाचा कागद इतका बारकाईने लिहिलेला होता. रॉसने लाल केसांच्या माणसाच्या कोपरावरचा ओरखडा लिहिला होता. बँकवाल्याने बायकोच्या झुमक्यांचा रंग. माणूस खोटे लिहितो तेव्हा इतके बारीक लिहीत नाही, हे डल्सीला कोर्टाच्या बातम्या लिहून लिहून ठाऊक होते. मोबाइलवर धूसर होत असेल, तिने स्वतःला समजावले. काचेवरचे प्रतिबिंब असेल. प्रत्येकाच्या चष्म्याचा नंबर वेगळा. मूळ चित्रण पाहिले पाहिजे.

ते वॉरनकडे होते. वॉरन तिचा सख्खा शेजारी. त्याच्या कुत्र्यांच्या भुंकण्यावरून तिने सहा वर्षांत कौन्सिलला तीन अर्ज केले होते आणि त्याने तिच्या गुलाबांवर दोनदा ट्रॅक्टर घातला होता. तरी पाणी संपले की दोघे एकमेकांच्या टाकीतून नेत असत. आज त्याच्या स्वयंपाकघरात तीन पितळी वाट्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. तो टेबलाशी बसला होता आणि त्याचे मोठे हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हते.

"बघ हवं तेवढं," तो म्हणाला. "माझ्या पोरांना मारलंय त्याने, डल्सी. तुझा भाऊ असला म्हणून मी गप्प बसणार नाही."

मोठ्या पडद्यावरही व्हरांडा रिकामाच होता. तिने चित्र पुढेमागे केले. आणि चौथ्या सेकंदाला ती थांबली.

पायपुसणे दबले होते.

काथ्याचे राठ केस दोन जागी खाली गेले होते. शेजारी शेजारी दोन तळवे. उजवा जास्त खोल, डावा हलका. पाचव्या सेकंदाला दार उघडले तेव्हा डावा नाहीसा झाला आणि परत आला. मग तो घसा साफ करण्याचा आवाज. हा आवाज तिने कुठेतरी ऐकला होता. रोज ऐकत असल्यासारखा. पण कुणाचा ते सापडत नव्हते.

"पायपुसणं बघितलंस?" तिने विचारले.

"त्याच्या बुटांखालचं पायपुसणं कशाला बघू मी?" वॉरन म्हणाला.

४

बुधवारी कौन्सिलने क्लेमला चौकशी होईपर्यंत घरी बसवले. गुरुवारी त्याच्या फाटकाला मेलेला कोल्हा टांगलेला होता. शुक्रवारी पेजवर त्या कोल्ह्याचा फोटो आला आणि नॅरेलने खाली लिहिले, 'कृपया भाषा सभ्य ठेवा.' डल्सीने ते वाचले तेव्हा तिच्या हातातली बशी तिने जमिनीवर आपटली. मुद्दाम आपटली. सभ्य!

ती पोलीस ठाण्यात गेली. ठाणे म्हणजे एक खोली आणि एक सार्जंट, ओवेन टेट. वय पस्तिशीचे, सरळमार्गी मुलगा.

"कागद वाचलेत मी तुमचे," तो म्हणाला. "पण यावरून काही सिद्ध होत नाही."

"हेच सिद्ध होतं की कुणालाच काही दिसलेलं नाही! तू लिही ना बारावा. तुला कोण दिसतं?"

ओवेनने उठून दार लावून घेतले. बाहेर जाळीवर माश्या घोंघावत होत्या.

"माझी बायको," तो म्हणाला. "अंगात पिवळा झगा. त्या वेळी ती पॅव्हिलियनमध्ये माझ्या शेजारी बसली होती, मिस ट्रेंगोव. सँडविच खात होती. मी तिच्या हातातून अर्धं घेतलं." तो हसायला गेला, जमले नाही. "घरी गेल्यावर मी आता तिच्या पाठीकडे बघत बसतो."

"मग वॉरनला सांग ना हे!"

"काय सांगू? आणि हे मी तुम्हाला बोललोच नाही." त्याने रजिस्टर उघडले, बंद केले. "तुम्ही शनिवारी घरीच होतात ना? शेजारीच. काही ऐकलंत?"

"ऊन होतं. खुर्चीत डोळा लागला होता माझा."

"मॅच सुटेपर्यंत?"

"मॅच सुटेपर्यंत," ती म्हणाली आणि चिडून बाहेर पडली.

घरी आल्यावर तिने पुन्हा बारा सेकंद लावले. आता ती फक्त ऐकत होती, डोळे मिटून. पत्र्याची कुरकुर. दाराची बिजागरी. घसा. पुन्हा घसा. शेजारून भुंकण्याचा आवाज येत नव्हता. सहा वर्षं तिने ज्या शांततेसाठी अर्ज केले ती आता भिंतीपलीकडे पसरली होती, आणि त्या शांततेत तो आवाज कुणीतरी खोलीतच काढल्यासारखा वाटत होता.

५

रविवारी दुपारी चारला गावाच्या हॉलमध्ये सभा होती. सभेला येताना प्रत्येक घराने एक थाळी आणायची ही रीत. लांब टेबलावर सँडविच, स्कोन, खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे, आणि टोकाला क्लेमने आणलेली टोमॅटोच्या चकत्यांची थाळी. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. बाकी सगळ्या थाळ्या रिकाम्या होत आल्या आणि ती जशीच्या तशी. उत्तरेचा गरम वारा खिडक्यांच्या पट्ट्या वाजवत होता.

नॅरेलने भिंतीवर व्हरांडा लावून ठेवला होता. बारा सेकंद संपले की पुन्हा सुरू.

डल्सीने उभे राहून अकराही कागद वाचले. एकेक, सावकाश, कोर्टात वाचतात तसे. लाल केस. रुमाल. झुमके. वाचून झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवले.

"हे तुमच्याच हातचं आहे. अकरा जणांना अकरा माणसं दिसली. आता सांगा, कुठल्या तोंडाने तुम्ही एकाचं नाव घेता?"

तिला वाटले होते, माना खाली जातील. एकही गेली नाही.

"रुमालवाली कोणाला दिसली? डोळे तपासून घ्या म्हणावं," रॉस म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस, लाल केस म्हणे!" मॉइरा ओरडली.

प्रत्येक जण उरलेल्या दहा जणांवर हसत होता. कागदांनी त्यांच्या मनात शंका घातली नव्हती, उलट प्रत्येकाला खात्री पटली होती की बाकीचे मूर्ख आहेत आणि आपण एकटेच शहाणे. आणि तरीही सगळ्यांचा राग वळून वळून मागच्या बाकावर बसलेल्या क्लेमकडेच जात होता. बाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या केव्हा रिकाम्या झाल्या ते डल्सीला कळलेही नाही. वॉरन उठला होता. त्याच्या मागे आणखी तिघे उठले. ओवेन टेट चहाच्या पिंपाशी खाली बघत उभा होता.

"तुला कोण दिसतं मग, डल्सी?" वॉरनने विचारले. "सांग ना."

"कोणी नाही."

"म्हणजे सगळं गाव आंधळं, आणि डोळे एकट्या तुला!"

लोक हसले. तेच हसरे चेहरे, आता खरेखुरे. वॉरन क्लेमच्या बाकाकडे चालू लागला आणि क्लेम हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला. ते बघून डल्सीच्या डोक्यात काहीतरी तुटले.

"बरं!" ती किंचाळली. "मीच होते! मीच गेले तुझ्या व्हरांड्यात, मीच दार ढकललं, मीच टाकले तुकडे तुझ्या कुत्र्यांपुढे! झालं समाधान? आता हेही छापा तुमच्या पेजवर!"

वॉरन जागीच थांबला. भिंतीवर व्हरांडा पुन्हा पहिल्या सेकंदापासून सुरू झाला.

"अगं बाई," मॉइरा हळू आवाजात म्हणाली. "तो निळा स्वेटर."

"कोपरावर ठिगळ आहे," कुणीतरी म्हणाले.

"आणि ती फाटकी हॅट. बागेतली."

आवाजांत राग नव्हता. अवघड शब्दकोडे सुटल्यावर असतो तसा समाधानाचा सूर होता. गेल्या आठ दिवसांत यारंबीत पहिल्यांदाच एकमत झाले होते. ओवेनने मान वर केली, भिंतीकडे बघितले, आणि त्याच्या तोंडावर जी सुटका पसरली ती बघून डल्सीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"काय चावटपणा लावलाय," म्हणत ती भिंतीकडे वळली.

पायपुसण्यावर एक बाई पाठमोरी उभी होती. निळा स्वेटर. कड उसवलेली गवती हॅट. सगळा भार उजव्या पायावर, डाव्या खुब्याचे ऑपरेशन झालेली माणसे उभी राहतात तसा. बाईने डावा पाय उचलून दाराला हलकेच लावला. दार वीतभर उघडले. तिचा एक हात आत गेला. मग तिने मान वळवायला सुरुवात केली, आणि बारा सेकंद संपले.

६

परतताना क्लेम गाडी चालवत होता. सायलोंच्या वळणावर नॉस्केंचा ट्रक समोरून आला आणि आतले बोट वर झाले. मग दुसरी गाडी, मग तिसरी. बोटे क्लेमसाठी होती. शेजारच्या सीटकडे कुणी पाहत नव्हते. क्लेमने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते आणि एकदाही बोट उचलले नाही.

ओवेनने तिला सकाळी नऊला ठाण्यात बोलावले होते. 'सावकाश या,' म्हणाला होता.

डल्सीच्या स्वयंपाकघरात संध्याकाळचे ऊन टेबलापर्यंत आले होते. क्लेम बसला नाही. दाराजवळ उभा राहिला.

"खुळे आहेत सगळे," डल्सी म्हणाली. "रागाच्या भरात बोलले, आणि यांना लगेच दिसायला लागलं! मलाही क्षणभर... गर्दीत होतं असं. वाचलंय मी. उद्या ओवेनला सरळ सांगते." ती थांबली. "तू काहीच का बोलत नाहीस? पहिल्या दिवशीही बोलला नाहीस. तुला काय दिसलं होतं त्या दिवशी?"

क्लेमने टोपी काढली.

"तूच," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्यापासून तूच दिसलीस, डल्स. म्हणून तर गप्प बसलो. म्हटलं, माझ्यावर येतंय तर येऊ दे. तू ऐकलं नाहीस."

"तुला असं वाटलं की मी... मी झोपले होते, क्लेम!"

"माझ्या आमिषांच्या शेडची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते," तो हळूच म्हणाला. ठपका ठेवल्यासारखा नव्हे. घरातली एखादी वस्तू कुठे आहे ते सांगावे, तसा.

किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. जिथे असायची तिथेच. तिच्यावर गवती हॅट अडकवलेली होती, कड उसवलेली. ती कधी उसवली ते डल्सीला आठवेना. शेजारच्या घरी वाऱ्याने जाळीचे दार वीतभर उघडले, थांबले, मिटले.

तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढे पांढरे झाले. गावावर, नॅरेलवर, या मठ्ठ, प्रेमळ, गप्प भावावर, ज्याने सगळ्यांच्या आधी तिला तिथे उभी केली आणि वर तिच्यासाठी शिक्षाही भोगायला निघाला. आता ती त्याला असे काही सुनावणार होती की तो जन्मात विसरला नसता. एकतीस वर्षं प्रत्येक भांडणाआधी, प्रत्येक साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारण्याआधी करायची तसे तिने केले.

तिने घसा साफ केला.

आणि तो आवाज तिने ओळखला.